राजदूत ३५०चं टायमिंग डिग्री व्हीलवर कसं लावायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: राजदूत ३५०, मूळ सीबी पॉइंटवरच (ठिणगी पाडण्यासाठी उघडमीट करणारे संपर्क) चालणारी. डाव्या सिलिंडरचा प्लग पांढरा पडतो, उजव्याचा काळा. पॉइंट आजवर नजरेच्या अंदाजानं लावले जातात. डिग्री व्हील, म्हणजे अंशांच्या खुणांची चकती, छापून आणलं आहे, पण मॅन्युअलमध्ये टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) अंशांत नाही, '२.० मि.मी. टीडीसीच्या आधी' असं दिलेलं आहे. टीडीसी म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. मग व्हीलवर किती अंश धरायचे, आणि डायल गेज (पिस्टन किती हलला ते दाखवणारं काट्याचं मापक) नसताना हे जमेल का?

जमेल. या इंजिनात २.० मि.मी. म्हणजे २० अंश, जवळजवळ तंतोतंत. पण व्हीलचं शून्य, म्हणजे टीडीसीची जागा, खरं नसेल तर पुढचे सगळे आकडे शोभेचे आहेत. म्हणून निम्म्याहून जास्त वेळ शून्य शोधण्यात जाऊ द्या. पॉइंट लावणं हे नंतरचं पंधरा मिनिटांचं काम आहे.

त्याआधी एक गोष्ट. डावा पांढरा आणि उजवा काळा ही जोडी टायमिंगपेक्षा क्रँकच्या ऑइल सीलकडे जास्त बोट दाखवते. डावीकडचं सील आल्टरनेटरच्या बाजूला, म्हणजे कोरड्या बाजूला आहे. ते गेलं की तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि प्लग पांढरा पडतो. उजवं सील क्लचच्या बाजूला आहे. ते गेलं की गिअरबॉक्सचं तेल सिलिंडरमध्ये ओढलं जातं, धूर वाढतो आणि प्लग काळा, ओला होतो. गिअर ऑइलची पातळी बाहेर गळती नसताना कमी होत असेल तर उत्तर तिथंच मिळालं. खात्री करायची तर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून सिलिंडरमध्ये साधारण ६ पीएसआय दाब भरा आणि पाच-सहा मिनिटं काटा उतरतो का पाहा. सील गेलेल्या इंजिनावर टायमिंग कितीही नेमकं लावलं तरी डावा पिस्टन वाचणार नाही. कार्बोरेटरच्या दोन्ही स्लाइड एकदम उचलल्या जातात का, हेही लगे हात बघून घ्या.

सील ठीक आहेत असं धरून पुढे जाऊ.

आधी मिलिमीटरचे अंश कसे झाले ते. पिस्टनची जागा क्रँकच्या कोनावर आणि कनेक्टिंग रॉडच्या लांबीवर ठरते. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६४, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ५४, म्हणजे क्रँकची त्रिज्या २७, आणि रॉडची लांबी केंद्रापासून केंद्रापर्यंत ११० मि.मी. त्यावरून हिशेब केला तर टीडीसीच्या आधी १८ अंशांवर पिस्टन १.६४ मि.मी. खाली असतो, १९ वर १.८२, २० वर २.०२, २१ वर २.२२ आणि २२ वर २.४३. म्हणजे या पट्ट्यात एक अंश म्हणजे ढोबळपणे ०.२ मि.मी. हे आकडे दुसऱ्या गाडीला लावू नका. स्ट्रोक आणि रॉड बदलले की सगळंच बदलतं.

आता उलट टोक पाहा. टीडीसीच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन अंशांत, म्हणजे एकूण चार अंशांच्या फिरण्यात, पिस्टन फक्त ०.०२ मि.मी. हलतो. प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून 'आता वर आला' असं ठरवणारा माणूस सहज चार-पाच अंश चुकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. तिथं पिस्टन हलतच नाही, तर हाताला कळणार काय? डायल गेजलासुद्धा तो ठहराव धूसर दिसतो. म्हणून व्हीलचं शून्य पिस्टनच्या माथ्यावर शोधायचं नसतं. पिस्टन वेगानं हलत असतो त्या उतारावर दोन्ही बाजूंनी त्याला अडवायचं आणि मधला बिंदू काढायचा.

व्हील कसं असावं? २०० मि.मी. व्यासाच्या चकतीवर एक अंश म्हणजे कडेला १.७५ मि.मी., १५० च्या चकतीवर १.३ आणि सीडीएवढ्या १२० च्या चकतीवर जेमतेम १.०५ मि.मी. अर्धा अंश वाचायचा तर १५० च्या खाली जाऊ नका. छापताना प्रिंटरची 'पानात बसवा' ही सोय बंद ठेवा आणि छापून झाल्यावर व्यास उभा आणि आडवा असा दोन्ही दिशांनी मोजा. अर्धा मि.मी. फरक असला तरी ते वर्तुळ लंबगोल झालं, टाकून द्या. कागद २ मि.मी.च्या पारदर्शक अ‍ॅक्रेलिकवर चिकटवा. मधलं भोक बोल्टला घट्ट हवं. सीडीचं १५ मि.मी.चं भोक तसंच वापरलं तर चकती केंद्रापासून सरकते, आणि मग एका बाजूचा अंश मोठा, दुसऱ्या बाजूचा छोटा होतो. नंबर ० ते ३६० असे घड्याळाच्या दिशेनं वाढणारे घ्या. कारण पुढे येईल.

या इंजिनात एक अडचण आहे, ती सिंगल सिलिंडरवाल्यांना नसते. पॉइंटचा कॅम क्रँकच्या डाव्या टोकाला, रोटरच्या मध्यावर बोल्टनं बसलेला असतो आणि पॉइंटची प्लेट त्याच्याभोवती. व्हील तिथंच बसवावं लागतं, आणि बसवलं की पॉइंट झाकले जातात. उपाय असा की चकती कॅमपासून २५-३० मि.मी. बाहेर राहील एवढा स्पेसर टाका आणि चकतीला स्क्रूड्रायव्हर आत जाईल अशा तीन-चार खिडक्या कापा. कडेची दोन-अडीच सेंटिमीटरची अंशांची पट्टी आणि मधला भाग शाबूत राहिला म्हणजे झालं. कॅमचा बोल्ट काढून त्याच आट्याचा, स्पेसरच्या उंचीइतका लांब बोल्ट वापरा. बोल्ट काढताना कॅम बाहेर आला तर परत बसवताना त्याची खाच पिनवर नीट बसली आहे ना, हे बोटानं चाचपा. पिनवर न बसता नुसता आवळलेला कॅम वरून ठीक दिसतो आणि टायमिंग मात्र भलतीकडेच जातं.

दोन्ही प्लग काढा, गाडी मधल्या स्टँडवर घ्या, सहावा गिअर टाका आणि मागचं चाक पुढच्या दिशेनं फिरवा. क्रँक कोणत्या दिशेला फिरतो ते डोळ्यांनाच दिसेल. डावीकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट. मधला बोल्ट मात्र साध्या, उजव्या आट्याचा आहे. म्हणजे पाना लावून इंजिन चालायच्या दिशेनं फिरवायला गेलात की तोच बोल्ट सैल होतो, व्हील अर्धा-एक अंश घसरतं आणि तुम्हाला कळतही नाही. या कामातली सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. क्रँक कायम मागच्या चाकानं फिरवा. सहाव्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यात क्रँक सहा-सात वेळा फिरतो, त्यामुळे टायर कडेला एक मिलिमीटर सरकला की क्रँक जवळपास एक अंश फिरतो. टायरवर तळहात टेकवून दाबत-दाबत न्यायची सवय दहा मिनिटांत होते. आणि बोल्टवरून चकतीवर येणारी मार्करची एक रेघ ओढून ठेवा. ती तुटलेली दिसली की व्हील घसरलं, शून्य पुन्हा काढायचं.

काटा म्हणून सायकलचा जुना स्पोक उत्तम. एक टोक कव्हरच्या एखाद्या स्क्रूखाली वळवून घट्ट करा, दुसरं कानसून टोकदार करा आणि चकतीपासून मिलिमीटरभर अंतरावर आणून ठेवा. अंतर जास्त असेल तर डोळा जरा वर-खाली झाला की वाचन बदलतं. पातळ तार वापरू नका, ती थरथरते.

आता स्टॉप, म्हणजे पिस्टनला वाटेत अडवणारा अडसर. जुन्या बी८एचएस प्लगचं पोर्सेलिन फोडून काढा, रिकाम्या खोळीत ८ किंवा १० मि.मी.चा बोल्ट ब्रेझ करून घ्या आणि त्याचं टोक गोल, गुळगुळीत करा, म्हणजे पिस्टनवर ओरखडा उठणार नाही. बोल्टमधून आरपार २-३ मि.मी.चं भोक पाडा. नाहीतर सिलिंडरमधली हवा दाबली जाऊन पिस्टन टेकल्याचा खोटा भास होतो. बोल्ट एवढाच बाहेर हवा की पिस्टन टीडीसीच्या तीसेक अंश आधी अडेल, म्हणजे साधारण साडेचार-पावणेपाच मि.मी. खाली. तिथं एका अंशाला पिस्टन ०.३ मि.मी. हलतो, त्यामुळे टेकणं स्पष्ट जाणवतं. किकला या काळात कोणी पाय लावणार नाही याची व्यवस्था करा. स्टॉप आत असताना एक किक म्हणजे पिस्टनला भोक.

डाव्या सिलिंडरमध्ये स्टॉप घालण्याआधी पिस्टन अंदाजे वर आणा, व्हीलचं शून्य काट्यासमोर ठेवा, बोल्ट आवळा. मग पिस्टन खाली नेऊन स्टॉप घाला. चालायच्या दिशेनं हळू फिरवत पिस्टन टेकेपर्यंत न्या आणि वाचा. समजा ३२६ आलं. आता उलट दिशेनं जवळजवळ पूर्ण फेरा फिरवून दुसऱ्या बाजूनं टेकवा. समजा २८ आलं. ३२६ म्हणजे शून्याच्या ३४ आधी, आणि दुसरीकडे २८ नंतर. फरक ६, त्याचा अर्धा ३. खरा टीडीसी तुमच्या शून्याच्या ३ अंश आधी आहे. चकती सैल करायची गरज नाही, स्पोक हळूच वाकवा, इतका की दोन्ही टेकण्या ३२९ आणि ३१ वर वाचल्या जातील. दोन्ही बाजूंना ३१ आले की शून्य लागलं. तीन वेळा पुन्हा करा. तिन्ही वेळा पाव अंशाच्या आत आलं पाहिजे. येत नसेल तर एकतर काटा हलतो, नाहीतर स्टॉप प्लगच्या आट्यांत सैल आहे, नाहीतर तुम्ही दर वेळी वेगळ्या जोरानं टेकवताय.

नंबर घड्याळाच्या दिशेनं का, ते आता लक्षात येईल. चकती उलट फिरते, त्यामुळे स्थिर काट्यासमोर आकडे चढत्या क्रमानं येतात. टीडीसीच्या २० अंश आधी म्हणजे ३४०. डोक्यात उलटसुलट हिशेब करावा लागत नाही.

मग तोच स्टॉप उजव्या सिलिंडरमध्ये. ही पायरी बहुतेक जण गाळतात. '१८० अंशांचा क्रँक आहे, उजवा टीडीसी १८० वरच असणार' असं गृहीत धरतात. पण हा क्रँक एका तुकड्याचा नाही, चाकं आणि पिना दाबून जोडलेला आहे. कधी इंजिन जॅम झालं असेल, क्रँक उघडून रॉड बदलले असतील, तर दोन्ही बाजू एकमेकींच्या तुलनेत एखाद-दीड अंश पिळलेल्या असू शकतात. उजवीकडे दोन्ही टेकण्यांचा मध्य काढा. समजा १४९ आणि २१४ आलं, तर मध्य १८१.५. म्हणजे उजव्याचे पॉइंट १६० वर नव्हे, १६१.५ वर उघडायला हवेत. फरक दोन अंशांच्या पुढे दिसला तर टायमिंग लावून तो झाकू नका. तो क्रँक ट्रूइंगला (सरळ करून घ्यायला) जाणार. पिळलेला क्रँक बेअरिंग आणि सील दोन्ही खातो.

शून्य खरं आहे का, याचा एक ताळा आहे आणि त्याला जादा अवजार लागत नाही. डाव्या बाजूचा सायलेन्सर सोडा, एक्झॉस्ट पोर्टमध्ये टॉर्च धरा. पिस्टन खाली जाताना त्याची वरची कड पोर्टच्या वरच्या कडेशी जिथं पहिली फट दाखवते तिथं वाचा, आणि वर येताना ती फट जिथं मिटते तिथंही वाचा. पिस्टनच पोर्ट उघडतो-मिटवतो, त्यामुळे दोन्ही वाचनं टीडीसीपासून सारख्या अंतरावर असलीच पाहिजेत. उघडणं समजा ९५ वर आणि मिटणं २६५ वर, म्हणजे शून्य बरोबर. ९५ आणि २६८ असेल तर शून्यात दीड अंशाची खोट आहे. (इथले आकडे फक्त उदाहरणाला आहेत, तुमच्या ब्लॉकचे वेगळे येतील.) हेच वाचन वहीत लिहून ठेवलं तर पुढे कधी ब्लॉकखाली जाड पॅकिंग घातलं किंवा पोर्ट कानसले, तर किती बदल झाला तेही कळेल.

आता पॉइंट. गॅप आधी, टायमिंग नंतर. हा क्रम उलटा करता येत नाही. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं. गॅप कमी केला की मागे पडतं. विश्वास बसत नसेल तर ०.३० वर ठेवून बल्ब कुठे पेटतो ते वाचा (बल्बची रीत पुढे आहे), मग ०.४० वर. चकतीवर काही अंशांचा फरक स्वतःच पाहाल. ज्यांनी टायमिंग लावून झाल्यावर 'जरा गॅप नीट करतो' म्हणून स्क्रू सैल केला, त्यांचं सगळं काम तिथंच वाया गेलं.

कॅमच्या सगळ्यात उंच जागेवर गॅप ०.३ ते ०.४ मि.मी., मधला ०.३५ धरा. दोन्ही जोड्यांचा सारखा. एका संपर्कावर टेकाड आणि समोर खड्डा झाला असेल तर फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) टेकाडावर टेकतं आणि खरा गॅप जास्त असतो. असे पॉइंट बदला. कंडेन्सरही सोबत बदला, कारण खड्डे पडण्याचं मूळ बहुतेकदा तोच असतो. थोडेसे काळे असतील तर पॉइंटच्या बारीक कानशीनं एक-दोन हात मारून पेट्रोलनं पुसा आणि मध्ये कोरा कागद धरून ओढा. पॉलिश पेपर नको. त्याची रेती संपर्कात रुतते आणि ठिणगी वेडीवाकडी येते. नवीन पॉइंट बसवताना तारेच्या बोल्टवरचे इन्सुलेटर वॉशर ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं घाला. एक उलटा गेला की पॉइंट कायमचे अर्थ होतात (बॉडीला जोडले जातात), आणि 'काल चालत होती, आज ठिणगीच नाही' असं सुरू होतं. कॅमला घासणाऱ्या फेल्टवर ग्रीस असावं, पण नखाएवढंच. जास्त झालं की ते उडून पॉइंटवर जातं.

पॉइंट नेमके कधी उघडतात हे डोळ्यांनी ठरवू नका. १२ व्होल्टचा छोटा इंडिकेटर बल्ब घ्या, एक तार पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनाच्या बॉडीला, आणि इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेले असताना करंट त्यांच्यातूनच जातो, बल्ब बंद. उघडले की बल्ब पेटतो. काम झालं की चावी बंद करा. पॉइंट मिटलेल्या जागी गाडी उभी राहून चावी चालू राहिली तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते. मल्टिमीटरच्या शिट्टीनं करायचं असेल तर पॉइंटची तार कॉइलपासून सोडवा. नाहीतर कॉइलचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की पॉइंट उघडले तरी मीटर शिट्टी वाजवतच राहतो.

पॉइंटची कुठली जोडी कुठल्या सिलिंडरची हे कॉइलच्या तारेवरून ओळखा, जागेवरून नाही. तीस-चाळीस वर्षांत या गाड्यांच्या वायरिंगवर इतके हात फिरलेत की रंगांवर विसंबण्यात अर्थ नाही. पॉइंटची तार कुठल्या कॉइलला जाते आणि त्या कॉइलची केबल कुठल्या प्लगला, हे हातानं माग काढत जा.

मोजताना क्रँक थांबवून नेमका २० वर आणायचा आणि मग पॉइंट लावायचे, असं करू नका. सावकाश चालायच्या दिशेनं फिरवत राहा आणि बल्ब पेटला त्या क्षणी काट्यासमोर काय होतं ते वाचा. पुढे गेलात तर उलट फिरवून सुधारू नका. तीस-चाळीस अंश मागे जा आणि पुन्हा त्याच दिशेनं या. बेअरिंग आणि पॉइंटच्या पिनमधली ढिलाई मग कायम एकाच बाजूला राहते.

कुठली जोडी आधी? प्लेट पाहिली की कळतं. मोठी प्लेट फिरवली की दोन्ही जोड्या सरकतात. त्यातली एक जोडी थेट मोठ्या प्लेटवर असते, दुसरीला तिची स्वतंत्र छोटी प्लेट असते. आधी मोठी प्लेट फिरवून पहिली जोडी लावा. मग मोठीला हात न लावता छोटी प्लेट सरकवून दुसरी. हा क्रम चुकला की दुसरी लावताना पहिली बिघडते आणि संध्याकाळ त्यातच जाते. प्लेट कुठे फिरवायची? क्रँकच्या फिरण्याच्या उलट दिशेला फिरवली की पॉइंट लवकर उघडतात. इथं डावीकडून पाहताना घड्याळाच्या दिशेनं प्लेट म्हणजे टायमिंग पुढे, उलट म्हणजे मागे. प्लेटचे स्क्रू पूर्ण सैल करू नका. जेमतेम सरकेल इतपत सोडा आणि खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून केसभर ढकला.

डावा ३४०, उजवा १६० (किंवा तुमच्या क्रँकला जो आकडा निघाला असेल तो). स्क्रू आवळा आणि पुन्हा वाचा. आवळताना प्लेट अर्धा अंश सरकणं अगदी नेहमीचं आहे. सरकत असेल तर तेवढी उलटी देऊन आवळा. दोन्ही सिलिंडर एकमेकांच्या अर्ध्या अंशात आले की बस. १९ आणि १९ असलेली गाडी २० आणि २२ असलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. कारण थ्रॉटल एकच आहे, आणि पुढे गेलेलं सिलिंडर निमूटपणे तापत राहतं, सोबतचं ठीक चाललेलं असल्यामुळे तुम्हाला ते जाणवतच नाही.

आता एकाच जोडीचं वाचन दर फेऱ्याला बदलत असेल, एकदा ३४०, एकदा ३४१.५, तर पॉइंटला दोष देण्याआधी कॅमचा बोल्ट किंवा कॅमलगतचा क्रँकचा शेंडा वर-खाली हलवून पाहा. डावं मेन बेअरिंग ढिलं असेल तर कॅमच इकडेतिकडे जातो. पॉइंटची हालणारी पट्टी तिच्या पिनवर सैल असेल तरी हेच होतं, पण ते स्वस्त आहे.

पुढे-मागे झाल्याची लक्षणं वेगळी असतात. टायमिंग पुढे असेल तर खालच्या आरपीएमवर ओझं दिल्यावर धातूचा टिकटिक आवाज, किकला उलटा दणका, आणि फारच पुढे असेल तर टू स्ट्रोक इंजिन उलट्या दिशेनंही सुरू होऊ शकतं. गिअर टाकल्यावर गाडी मागे जाते तेव्हा माणूस चक्रावतो. हायवेवर लांब ओढीत असं इंजिन पिस्टनच्या माथ्याला भोक पाडतं किंवा रिंगांपाशी वितळतं. मागे असेल तर इंजिन सौम्य वाटतं, पिकअप जातं, जाळ एक्झॉस्टमध्ये लांबतो आणि सायलेन्सरचा बेंड निळा पडतो. 'थोडं मागे ठेवलं की इंजिन सुरक्षित' हा समज म्हणून अर्धाच खरा आहे. एक-दीड अंश मागे चालतं, चार अंश मागे ठेवलेलं इंजिनही तापतं, फक्त वेगळ्या ठिकाणी.

स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) असेल तर शेवटी चालत्या इंजिनावर पडताळा घेता येतो. पण अ‍ॅक्रेलिक किंवा सीडीची चकती चालत्या क्रँकवर कधीही ठेवू नका. फुटली तर तुकडे चेहऱ्यावर येतात. त्यासाठी लेथवर फिरवलेली २ मि.मी. अ‍ॅल्युमिनियमची छोटी चकती हवी, नीट आवळलेली, आणि दोन हजार आरपीएमच्या आसपास पुरे. या गाडीत आपोआप पुढे जाणारी यंत्रणा नाही, म्हणून आयडलला आणि दोन हजारला खूण एकाच जागी थांबली पाहिजे. ती पसरलेली, दुहेरी दिसली तर बेअरिंग किंवा पॉइंटची ढिलाई. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं असेल तर बल्बची पद्धत लागू होत नाही आणि स्ट्रोबशिवाय गत्यंतर नाही. पण टीडीसीची खूण स्टॉपनंच काढावी लागते, ते काही चुकत नाही.

कोणी हीच रीत जुन्या कास्ट आयर्न बुलेटला लावणार असेल तर दोन गोष्टी बदलतात. तिथं पॉइंटचा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे पॉइंटच्या प्लेटवर एक अंश म्हणजे क्रँकवर दोन, आणि पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकलाच वर आलाय याची खात्री दोन्ही टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे दांडे) मोकळे आहेत का पाहून करावी लागते. शिवाय तिचा ०.८ मि.मी.चा आकडा ऑटो अ‍ॅडव्हान्सची (वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणाऱ्या यंत्रणेची) वजनं पूर्ण मिटलेली असतानाचा आहे. स्प्रिंग ताणून वजनं अर्धवट उघडी राहिली असतील तर मोजलेलं सगळं फसवं.

सगळं झाल्यावर मूळ बोल्ट परत लावा, कॅमची पिन पुन्हा तपासा, आणि शेवटची वाचनं (दोन्ही टीडीसी, दोन्ही पॉइंट, दोन्ही गॅप) कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. पॉइंट नवे असतील तर त्यांची फायबरची टाच पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये झिजून बसते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे सरकतं. म्हणून ५०० किलोमीटरला कव्हर उघडून गॅप पाहा. तो ०.३५ वर परत आणला की टायमिंग बहुधा जागेवर येतं. तरी बल्ब आणि व्हील एकदा लावाच, या वेळी पाऊण तासाऐवजी दहा मिनिटं लागतील.